काटा नसलेलं अवधण

आमच्या खोऱ्यात जांघेत गाठ आली की माणूस दवाखान्यात जात नाही, आधी पाय वर करून तळपाय बघतो. भातलावणीच्या दिवसांत तर घरोघरी हाच उद्योग. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, बांधावरून येताजाता करवंदीचा काटा मोडतो, आणि दोन दिवसांत जांघेत सुपारीएवढी गाठ उठते. पाऊल टाकताना जीव जातो. त्या गाठीला आम्ही अवधण म्हणतो. काटा निघाला, जखम भरली, की अवधण आपोआप उतरतं. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि आमच्या घरात तर अवधणाचं हायकोर्टच बसलेलं! म्हणजे माझ्या सासूबाई. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आख्ख्या वाडीचे काटे आत्यांनी काढलेत. सुई चुलीत लाल करायची, समोरच्याचा पाय आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरायचा, आणि तो ओरडला की त्याच्या दुप्पट आवाजात त्याला शिव्या द्यायच्या. काटा निघाला की तळहातावर घेऊन आधी त्याला दाखवायचा. "बग, बग नीट. डोळ्यानं बगितल्याबिगर दुकणं जात न्हाई." मग काटा चुलीत आणि जांघेवर हळद-चुन्याचा गरम लेप. हा त्यांचा शिरस्ता, आणि त्यात कधी बदल झालेला मी पाहिला नव्हता.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी लावणी उरकल्यावर आंघोळ करताना माझ्या हाताला जांघेत गाठ लागली, तेव्हा मी घाबरले वगैरे काही नाही. मी दहावी झालेली, पेपर वाचणारी बाई. दुसऱ्या कुणाची छातीतली गाठ ऐकली असती तर हात धरून दवाखान्यात नेलं असतं. पण लावणीनंतरची जांघेतली गाठ? ती तर दरसालची पाहुणी. मी आत्यांना सांगितलं, आत्यांनी पाय मांडीवर घेतला.

"हितं काळं दिसतंय," असं म्हणून त्यांनी टाचेजवळ सुई घातली. रक्त आलं, काटा आला नाही. "खोल गेलाय मेला." लेप बांधला. चार दिवसांनी पुन्हा उकरलं. मग दुसरा पाय बघितला. मग बोटांच्या बेचक्या. माझ्या दोन्ही तळपायांची चाळण झाली, पण काटा काही सापडेना आणि गाठही उतरेना.

"दुकती का?" आत्यांनी दाबून विचारलं.

"न्हाई ओ. अजिबात न्हाई."

"मग झालं की! जुनं अवधण असंल, वाळून बसलंय. दुकत न्हाई तर कशाला जीव खातीस?"

मलाही ते पटलं. न दुखणाऱ्या गाठीचं कोण कौतुक करणार? गौरी आल्या, गेल्या. भात पिवळं पडलं, काढणी आली. तोवर मला एक विचित्र थकवा यायला लागला होता. भाऱ्याखाली मान दिली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. पहाटे उठले की ब्लाऊज पिळून काढावा इतका घाम. थंडीत! बांगड्या मनगटावरून घसरून कोपराकडं जायला लागल्या. नसरापूरच्या बाजारात एक ओळखीची म्हणाली, "बाई, कसली बारीक झालीयेस गं, काय खातीस सांग की मला पन." मला चक्क बरं वाटलं. पन्नास रुपयांची भाजी त्या आनंदात मी साठ रुपयांना घेतली.

झोडणी चालली होती तेव्हाची गोष्ट. अंगात भाताचं कूस गेलं म्हणून मान खाजवत होते, आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर हाताला दुसरी गाठ लागली. टणक, रबरासारखी. तीही दुखत नव्हती. मी हात तिथंच ठेवून उभी राहिले. मग खळ्यातून तशीच घरात गेले आणि आत्यांचा हात ओढून मानेवर ठेवला.

"आत्या, ह्याचा काटा कुठं मोडलाय तेवढं सांगा मला."

आत्यांनी हात फिरवला, पुन्हा फिरवला, पण पाय मांडीवर घेतला नाही, सुईही मागितली नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

नसरापूरच्या डॉक्टरांनी मान, काखा, जांघ सगळं चाचपलं. पाय बघितलेच नाहीत. काखेतही दोन गाठी निघाल्या, ज्या मला माहीतच नव्हत्या. टीबीच्या गाठी असू शकतात, दुसरंही काही असू शकतं, म्हणाले. अंदाजानं गोळ्या द्यायच्या नाहीत, पुण्याला जाऊन गाठ काढून तपासा. 'दुसरंही काही' हे शब्द त्यांनी पटकन उरकले. मी मुद्दाम विचारलं, "दुसरं म्हणजे काय?" तेव्हा त्यांना सांगावंच लागलं.

घरी आले आणि भांडण पेटलं. आमच्याकडं एक गोष्ट पक्की मानतात: गाठीला सुरी लावली की ती चवताळते.

"गाठ कापायची न्हाई!" आत्या चुलीपुढून ओरडल्या. "किकवीच्या एकीच्या गाठीचा तुकडा काढला, तर दिवाळी दिसली न्हाई तिला."

"उशिरा गेली असंल म्हणून गेली ती! सुरीनं न्हाई!"

"तुला लई कळतंय."

"तुमाला तरी काय कळलं? सहा महिने माझे पाय उकरत बसलात! दुखणं रेड्याला आन् डाग पखालीला! तुमच्या चुन्यापायी आज मी…"

पुढचं मी बोलले नाही, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. आमचे मालक दारात उभे होते. त्यांची वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून न्यायची रिक्षा, नसरापूर ते वेल्हे. एरवी माणूस बोलका, सीटमागं एक गोष्ट सांगणारा. त्या दिवशी नुसते चावी फिरवत राहिले. एकदा आईकडं बघायचे, एकदा माझ्याकडं. मला त्या दोघांचाही इतका संताप आला की काय सांगू. मरायचं मला आणि तोंडं यांची वाळलेली!

"सकाळच्या एस.टी.नं मी पुण्याला जाणार," मी म्हणाले. "कुणी यायचं तर या, नाहीतर राहा."

सकाळी एस.टी.ची वेळ झाली तर रिक्षा दारात धुऊन पुसून उभी. रस्त्याला जागोजागी लोक हात करत होते, रोजची गिऱ्हाइकं. मालकांनी एकालाही घेतलं नाही. नसरापूर आलं, हायवे लागला. मागच्या सीटवर मी एकटी बसले होते आणि तीन माणसांची ती जागा मला खायला उठली होती.

मानेतली गाठ आख्खी काढली. रिपोर्ट यायला वेळ लागला, ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. लेक भोरला कॉलेजला जायची. तिच्या वेण्या आता तिच्या तिलाच घालता येतात, तरी त्या दिवसांत मी रोज तिला पुढ्यात ओढून बसवायची. तिचं शिक्षण पुरं झालेलं मला दिसेल का, एवढा एकच विचार डोक्यात होता.

रिपोर्टात लिंफोमा आला, म्हणजे गाठींचा कॅन्सर. डॉक्टर तरुण होते, पण घाई नसलेले. मी म्हणाले, "मला समजेल असं सांगा. समजल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही."

ते म्हणाले, अंगात रक्ताच्या नळ्या असतात तशाच पांढुरक्या पाण्याच्याही बारीक नळ्या असतात. ते पाणी वाटेत लहान लहान गाठींमधून गाळून पुढं जातं. या गाठी सगळ्यांना असतात: मानेत, काखेत, जांघेत, पोटातसुद्धा. त्यांत पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात, राखणीला.

"म्हणजे खाचरांसारखं," मी म्हणाले. "वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं त्याच्या खाली."

"तसंच. आता पायात काटा मोडला, तर घाण पाण्याबरोबर जांघेतल्या गाठीत येते. राखणदार धावून येतात, गर्दी होते, मारामारी होते. गाठ सुजते, दुखते."

"ते अवधण."

"हो. पण तुमच्यात बाहेरून कुणी आलेलंच नाही. राखणदारांतल्याच एकाचं डोकं फिरलं. तो मरायचं विसरला आणि आपल्यासारखेच दुसरे तयार करत सुटला. गाठ मोठी झाली, पण तिथं मारामारी नाही. म्हणून ती दुखली नाही."

"मग कापून टाका की सगळ्या गाठी," मी म्हणाले.

"गाठ कापली ती फक्त ओळखायला. या आजाराचे पुष्कळ प्रकार आहेत, प्रत्येकाचं औषध वेगळं. बरं करायचं ते औषधानंच, कारण पाणी सगळीकडं फिरतं."

ते मला पटलं. एका खाचरातलं तण उपटून काय होणार, बी पाण्यानं खाली गेलेलं असतं. पण एक प्रश्न राहिला होता. "हे झालं कशानं?"

"नक्की सांगता येत नाही. तुम्ही काही चुकीचं केलं म्हणून नाही. असंच होतं कधीकधी."

असंच! मला इतका राग आला. बरं करण्यासारखा आजार आहे, वेळ गेलेली नाही, असं ते पुढं सांगत होते, आणि मी आपली 'असंच'वर अडकलेली. माशी शिंकली तरी आपण कारण शोधतो. एवढं मोठं दुखणं आणि त्याला एक काटासुद्धा नको?

घरी येऊन मी खाचरं, राखणदार सगळं सांगितलं. आत्यांनी एवढंच विचारलं, "काटा न्हाईच म्हणत्यात?"

"न्हाईच."

त्या उठून परसात गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला वाटलं फुगल्यात, फुगू दे.

संक्रांतीनंतर केमोचं सलाइन सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी पुणं. केस गेले, तोंड आलं, वरणभातसुद्धा मिरचीसारखा झोंबायचा. पण काखेतल्या गाठी विरघळल्या, जांघेतली गाठही हाताला लागेना. एका खेपेला आत्या हट्टानं बरोबर आल्या. डॉक्टरांपुढं पदर सावरून बसल्या आणि अचानक म्हणाल्या, "सायेब, ह्ये औषध चांगल्या राखणदारांना बी मारतंय का?"

डॉक्टर चमकले. म्हणाले, "हो आजी. औषधानंतर काही दिवस राखणीला कुणीच नसतं म्हणा. तेव्हा ताप आला तर तो साधा समजायचा नाही. घरी थांबायचं नाही."

आत्यांनी मान हलवली. मला वाटलं, म्हातारीला काय कळलंय, उगाच मान हलवतीय.

त्याच दिवसापासून त्यांनी एक नवीन छळ सुरू केला. रोज दिवेलागणीला माझे पाय धुवायच्या आणि तळपाय उजेडाकडं करून निरखायच्या. सुई नाही, लेप नाही, नुसतं बघायच्या. मी वैतागायची. "आत्या, सोडा की! काटा नव्हता न्हवं? सांगितलं ना डॉक्टरांनी!" त्या ऐकायच्या नाहीत.

पुन्हा लावणी आली. दोनच सलाइनं राहिली होती. मला चिखलात उतरायची बंदी, अनवाणी फिरायची बंदी. वाडीतल्या बायका खाचरात वाकलेल्या आणि मी पडवीत म्हशीसारखी रवंथ करत बसलेली. एका दुपारी राहवलं नाही, बांधापर्यंत चहाची किटली घेऊन गेले. चप्पल चिखलात रुतली, ती हातात घेऊन तशीच आले. तेवढंच. औषधानं माझ्या पावलांना कायम मुंग्या असायच्या. चटई आणि जमीन यांतला फरक कळत नव्हता, मग दुसरं काय कळणार?

दुसऱ्या दिवशी दुपारपासून अंग कसकसायला लागलं. मी कुणाला बोलले नाही. आठ दिवसांपूर्वीच सलाइन घेऊन पुण्याहून आलो होतो. पुन्हा ती खाट, तो फिनेलचा वास, पुन्हा हाताला शीर सापडेना म्हणून टोचाटोची. वीट आला होता मला. पावसात भिजल्यानं कणकण असेल, असं मीच मला सांगितलं.

दिवेलागणीला आत्यांनी पाय हातात घेतला आणि त्यांचा हात थबकला. "पाय लई गरम हाय." मग अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं. "काटा हाय हितं."

मी वाकून बघितलं. खरोखरच काळा ठिपका होता. आणि खरं सांगते, मला हसू आलं. सहा महिने शोधला तेव्हा नव्हता, आणि आता आला!

"मग काढा की. सुई आणा."

आत्यांनी सुई आणली नाही. त्यांनी माझ्या जांघेत हात घातला. दाबलं. वर, खाली, पुन्हा दाबलं.

"अवधण न्हाई आलं गं."

"मग बरंच झालं की. म्हंजी काटा किरकोळ हाय."

"गप!" त्या अशा ओरडल्या की मालक बाहेरून आत आले. "एवढा ताप हाय, काटा हाय, आन् अवधण न्हाई. म्हंजी धावून याया कुनीच न्हाई. राखणीला कुनी न्हाई हिच्या! रिक्षा काढ."

"आत्या, उद्या सकाळी जाऊ…"

"आता!" त्यांनी माझं मनगट धरलं. कधी नव्हे तो त्यांचा आवाज फुटला. "त्या येळी म्या सहा म्हैने घालवलं तुजं. आता सहा मिन्टं न्हाई घालवणार. ऊठ."

मी उठले.

रस्त्यानं लोक हात करत होते आणि मालक कुणालाही घेत नव्हते. पाऊस, समोरची काच धुरकटलेली, मला हुडहुडी भरलेली, दात वाजत होते. पण या वेळी मागची सीट मोकळी नव्हती. आत्या मला घोंगडीत आवळून बसल्या होत्या आणि त्यांचा एक हात सारखा माझ्या जांघेवर. मध्येच दाबून बघायच्या आणि पुटपुटायच्या, "ये गं बाय. ये. आता ये की." ज्या गाठीला घालवायला त्यांनी किलोभर चुना संपवला, तिला त्या आता हाका मारत होत्या. मला त्या हाकांची भीती वाटत होती, आणि मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

पुण्यात रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. बरं केलं लगेच आलात. उशीर केला असता तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सलाइनमधून औषधं लागली, पेशी वाढवायची इंजेक्शनं लागली. काटा त्यांनीच काढला. आत्या आडव्या आल्या, "मला दावा." डॉक्टरांनी कापसावर धरून दाखवला. "तिला बी दावा." मलाही दाखवला. करवंदीचं टोक, तिळाएवढं. चूल नव्हती म्हणून आत्यांची पंचाईत झाली.

ताप चढत होता, उतरत होता. कधी वाटायचं संपलं. लेक आली, खाटेच्या कडेला बसली, आणि मी तिची वेणी सोडून पुन्हा घातली. बोटांत जोर नव्हता, वेणी सैल झाली. ती तशीच घेऊन भोरला गेली.

मग एका सकाळी अंग हलकं वाटलं. आत्या नेहमीसारख्या पांघरुणाखाली हात घालून चाचपत होत्या, आणि मी किंचाळले.

"आई गं! दुखतंय!"

तिथं गाठ होती. लहान, हरभऱ्याएवढी, पण होती, त्याच जागी. परत आलं, हेच पहिलं मनात आलं. सगळं फुकट गेलं.

"दुकतंय? खरंच दुकतंय?" आत्या पुन्हा दाबायला लागल्या.

"दुखतंय म्हणते ना! सोडा!"

डॉक्टर आले, त्यांनी हात लावला, रक्ताचा नवा रिपोर्ट बघितला. पेशी वर यायला लागल्यात, म्हणाले. ज्या पायात काटा होता त्याच बाजूला आहे, दुखरी आहे. तरी आपण लक्ष ठेवू, उतरली नाही तर तपासू. ते पुढच्या खाटेकडं गेले.

आत्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. आख्ख्या आजारात या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं मी पाहिलं नव्हतं. "आलं गं माजे बाय," त्या म्हणाल्या, "अवधण आलं तुला," आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मग मीही. दोघी गळ्यात गळा घालून इतक्या मोठ्यानं रडलो की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं आमच्यात कुणी गेलं, आणि तिनं नर्सला हाक मारली.